आखाजीचा डबा

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास धुळ्याहून आलेली जळगाव गाडी पारोळ्याला थांबली आणि लता उतरली. लीलाधर स्टँडच्या फाटकापाशी उभा होता. तो जळगावहून आधीच येऊन थांबला होता. दोघे रस्ता ओलांडून हॉटेल मोहरछायामध्ये शिरले आणि भिंतीकडच्या शेवटच्या टेबलावर बसले. लग्नाला सहा वर्षे झालेले हे जोडपे दर रविवारी इथे येऊन जेवते आणि जेवण झाले की दोन दिशांना निघून जाते, हे वेटरच्या अंगवळणी पडले होते.

"तेच?" त्याने विचारले.

"तेच," लीलाधर म्हणाला.

तेच म्हणजे दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि दही. लीलाधरला इथली शेवभाजी आवडायची. पण शेवेत बेसनाबरोबर आणखी काय मळतात, हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हते, म्हणून लता ती खायची नाही. जे तिच्या ताटात नाही ते आपल्याही ताटात घ्यायचे नाही, असे त्याने पहिल्याच रविवारी ठरवले होते. तिला ते बोलून दाखवले नव्हते. तिला ते कळले होते.

लताला गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता, असे नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी तिचे पोट बिघडले ते बिघडलेच. अंगावरचे मांस उतरले, केस गेले, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. क्षय असेल म्हणून जळगावात तिला क्षयाच्या गोळ्या दिल्या. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरने तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला, तपासला आणि सांगितले की गव्हात ग्लुटेन नावाचे एक चिकट द्रव्य असते, ते हिच्या आतड्याला सोसत नाही. पोळी नको, रवा-मैदा नको, शेवया नकोत, बिस्किट नको. चिमूटभरही नको, आणि हे आयुष्यभर. गहू बंद झाला तशी लता चार महिन्यांत माणसात आली.

अडचण पुढे झाली. लीलाधर पाटबंधारे खात्यात लिपिक, एकुलता एक, आणि घरात आई. मंजुळाबाई काही वाईट बाई नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली होती आणि रेशनवरची लाल परदेशी ज्वारी, मिलो, भाजून, भरडून, जमेल तशी पोटात ढकलली होती. गहू म्हणजे तिच्या लेखी बरे दिवस. सून रोज भाकरी खाताना दिसली की गल्लीतल्या बायका विचारायच्या, "मंजुळामाय, सुनले गहू देत नही का?" ते तिला लागायचे. मग ती लताच्या पिठात गुपचूप मूठभर गहू मिसळू लागली, सुनेच्या अंगाला लागावा म्हणून. लता पुन्हा आजारी पडली. कारण कळल्यावर तिने वेगळी शेगडी मागितली, आपले आपण करून खाईन म्हणाली.

"मी जित्ती शे तोलोंग ह्या घरमा दुसरी चूल पेटनार नही," मंजुळाबाई म्हणाली.

दुसरी चूल पेटली म्हणजे घर फुटले. सुनेची चूल वेगळी झाली असे एकदा गावात झाले की ते पुसता येत नाही. लीलाधरने आईला समजावले, बायकोला समजावले, आणि दोघींचेही म्हणणे पटते म्हणून गप्प बसला. भांडण झाले नाही. लताचा भाऊ सोनगीरहून आला आणि तिला घेऊन गेला, एवढेच. त्याला सव्वा वर्ष होत आले होते.

पारोळ्याचे हॉटेल लताला कसे सोसले, याचे कारण फार थोर नव्हते. जागा लहान होती. तंदुरी रोट्या मागच्या अंगणात एक परप्रांतीय भाजायचा आणि भाकरी पुढच्या पडवीत कमलबाई थापायची. दोघांचे भांडण होते. कमलबाई त्याला पडवीत पाय ठेवू द्यायची नाही आणि त्याचे पीठही. त्या भांडणाच्या आडोशाला लता दर रविवारी निर्धास्त जेवत होती.

भाकरी आली. लीलाधरने तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"जळगावला शाखा निघाली," तो म्हणाला. "आपल्यापासून दोन गल्ल्या सोडून."

"कोणाची?"

"यांचीच. मोहरछाया. सुकदेव शेठनी धुळ्याला काढली, मग शिरपूर, मग ही. आता जळगाव. मसाला सगळीकडे धुळ्याहून डबे भरून जातो. तोच मसाला, तेच भरीत. पाटीसुद्धा हिरवीच."

"पाटी नाही खायची मला."

लीलाधर हसला. मग हसू आवरून म्हणाला, "दोन्ही वेळचा डबा घरपोच देतात. मी आईला विचारलं."

लताचा हात थांबला. "काय विचारलं?"

"हॉटेलातून डबा आला, तर ती दुसरी चूल होते का."

"मग?"

"दोन दिवस बोलली नाही. काल म्हणाली, हॉटेलची चूल हॉटेलची. ती आपल्या घरात पेटत नाही."

लता खाली मान घालून जेवत राहिली. सोनगीरला तिला कोणी उणेदुणे बोलत नव्हते. भावजय तर तिच्या भाकरीला वेगळा तवा ठेवायची. पण माहेर चार दिवसांचे गोड, त्यापुढे वहिनीच्या चांगुलपणाचेही ओझे होते. जळगावच्या घराची तिला जी आठवण यायची ती भलत्याच गोष्टींपाशी येऊन थांबायची. मोरीतली पितळी बादली. खिडकीच्या गजावर वाळत टाकलेला त्याचा रुमाल. संध्याकाळी त्याची लुना फाटकाशी बंद व्हायची, तेव्हा शेवटी येणारी ती एक उचकी. इथे समोर बसलेला माणूस तिला पुरत नव्हता, कारण तो दर रविवारी पाहुण्यासारखा भांग पाडून यायचा.

"आधी मी तिथला तवा बघणार," ती म्हणाली.

"बघ ना."

"आणि नाही जमलं, तर?"

लीलाधरने तिच्या ताटात आपल्या वाटीतले दही ओतले. "तर पारोळा आहेच," तो म्हणाला, आणि ते बोलून झाल्यावर दोघांनाही ते आवडले नाही.

चैत्रात लता जळगावला गेली. आधी हॉटेलात, मग घरी, असे तिनेच ठरवले होते. पंडित नावाचा व्यवस्थापक गल्ल्यावरून उठून पुढे आला.

"वहिनी, काळजीच सोडा. पारोळ्याला मिळतं तेच इथं. फरक दाखवा आणि फुकट जेवा."

"फुकट नको, भाऊ. स्वयंपाकघर दाखवा."

स्वयंपाकघर मोठे होते आणि तीच पंचाईत होती. एकाच लांब ओट्यावर एका टोकाला पोळ्या लाटल्या जात होत्या, दुसऱ्या टोकाला धुरपदाबाई भाकरी थापत होती. पोळीवाली हात झटकायची तसे पीठ उडून पार तव्यापर्यंत यायचे. लता दारातच थांबली. पंडितने तिची नजर ओळखली आणि हुज्जत न घालता धुरपदाबाईला मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळी परात आणि तवा देण्याचे कबूल केले. परातीच्या कडीला लाल दोरा बांधला. लताने दोरा दोनदा ओढून पाहिला.

"कसानं पथ्य शे, माय? देवनं?" धुरपदाबाईने विचारले. ती पन्नाशीची, भरल्या अंगाची बाई होती, आणि पथ्य या गोष्टीबद्दल तिच्या मनात आदर दिसत होता.

"डॉक्टरांचं. गहू अजिबात चालत नाही. पिठाचा हातसुद्धा नको."

"आनि सुटी कवय?"

"सुटणार नाही, मावशी."

"असं कसं? पथ्य सुटस," धुरपदाबाई तिला धीर देत म्हणाली. "बठ्ठं सुटस."

लताला ते आशीर्वादासारखे वाटले. तिने मान हलवली.

घराच्या दारात मंजुळाबाईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तुकडा पोळीचा होता. मग तिने सुनेच्या पाठीवरून, दंडावरून हात फिरवला, माहेरी किती भरली ते पाहिले आणि म्हणाली, "बरी दिखस." थोड्या वेळाने हॉटेलचा पोऱ्या वना डबा घेऊन आला, तेव्हा मात्र ती ओट्यावरून उठून आत गेली.

"तो डबा तुमनं तुम्ही देखा," ती मुलाला म्हणाली. "मी त्याले हात लावनार नही. मांगून मना नाव नको."

तो शब्द तिने पाळला. डबा यायचा, कोनाड्यात बसायचा आणि जायचा, मंजुळाबाई त्याच्याकडे वळूनही पाहायची नाही. जेवताना लीलाधर एक पोळी आईची आणि एक भाकरी डब्यातली घ्यायचा.

"दोन्ही बाजूंनी मत देताय," लता एकदा म्हणाली.

"निवडून कोणीच येत नाही," तो म्हणाला. चुलीपुढे पाठमोऱ्या बसलेल्या मंजुळाबाईचे खांदे हलले. ती हसली होती.

लताची तब्येत ठीक राहिली. संध्याकाळी लुनाची उचकी ऐकू आली की ती हातातले काम तसेच ठेवून बाहेर यायची. रुमाल गजावर होता, बादली मोरीत होती. तरी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटायचे. चुलीपाशी ती जात नव्हती, कारण तिथे पीठ उडायचे. तिने निवडलेली डाळ सासू शिजवायची, तिने चिरलेली भाजी सासू फोडणीला टाकायची. लीलाधर दिवसभरात जे खायचा त्यात तिच्या हातचे काही नसायचे. तिच्या पोटात जायचे त्यात या घरचे काही नसायचे. एकदा तिने नवऱ्याला विचारले, "मी इथं राहते, की उतरलेय?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी जातात. गल्लीतल्या सुना दोन दिवस आधीच पिशव्या घेऊन निघून गेल्या आणि त्यांच्या जागी गल्लीच्या लेकी आल्या. लिंबाला झोके बांधले गेले. सोनगीरहून भावाचा निरोप आला होता, पण लताने तो परतवला. सगळ्यांनी जायच्या दिवशी तिला थांबायचे होते. मंजुळाबाईने ते पाहिले आणि सकाळी आपल्या पेटीतले हिरवे लुगडे तिच्या मांडीवर आणून टाकले.

अंगणात चूल मांडून मंजुळाबाईने त्यावर खापर पालथे घातले आणि मांडे केले. पुरण भरलेला मांडा ती दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायची, रुमालाएवढा, मग पंच्याएवढा, आणि खापरावर टाकायची. लता आत खिडकीशी आंब्याचा रस काढत बसली होती. खापरावरून गहू भाजल्याचा वास घरात आला. तो तिला टाळता येत नव्हता. लहानपणी सोनगीरला ती पहिला मांडा खाली पडायच्या आत मागायची. आई म्हणायची, देवाला दाखवू दे गं आधी. लता उठली आणि आतल्या खोलीत जाऊन आंबे पिळू लागली. वास तिथेही आला.

वनाने डबा आणला. त्या दिवशी तिघे पहिल्यांदाच एका ओळीत बसले. मंजुळाबाईने मांड्याचे ताट आपल्या आणि मुलाच्या बाजूला, लतापासून दूर ठेवले होते. ते तिने आपणहून केले होते. रसाची वाटी मात्र तिने लताच्या पुढे स्वतः सरकवली.

"जेवी ले, माय," ती म्हणाली.

लताने डबा उघडला. भाकरीला तूप लावलेले होते. सणाचे म्हणून असेल. तिने तुकडा तोडला, रसात बुडवला आणि खाल्ला. फार चांगला लागला. दुसरा घास घेतला. तिसरा तोडताना तिचे बोट थांबले. दादरची भाकरी ओढली की काडकन सुटते. ही ताणली गेली आणि मग फाटली. पण त्याआधीच जिभेने ओळखले होते. तिसरा घास रसाने थबथबलेला तिच्या हातात होता आणि तो तिला खावासा वाटत होता. नुसता नाही, पोटातून, आईजवळ मांडा मागायची तसा. तिने तो ताटात ठेवला. मग उरलेली भाकरी उचलून दुमडली. ती धडप्यासारखी दुमडली. मोडली नाही.

लताने मान वर करून मंजुळाबाईकडे पाहिले. एकदाच.

"मनाकडे काय देखस?" मंजुळाबाई म्हणाली.

"मी काही म्हटलं का?"

"तुन्हा डोया बोलनात." मंजुळाबाईने हातातला मांडा खाली ठेवला. "मी त्या डब्याले हात लावा नही. ईचार तुन्हा नवराले."

लीलाधर उष्ट्या हाताने उठला, हात धुतले आणि चप्पल घालून बाहेर पडला. तो परत येईपर्यंत दोघी ताटांवर तशाच बसून होत्या. बाहेर लेकी झोक्यावर गात होत्या.

त्याच्याबरोबर पंडित आला आणि मागोमाग पदर सावरत धुरपदाबाईही आली. तिला चूक झाली असे वाटतच नव्हते, उलट तिचे कौतुक करायला बोलावले असावे अशा चेहऱ्याने ती उंबऱ्याशी उभी राहिली.

"आज आखाजी," ती म्हणाली. "सनले पथ्य सुटस ना, माय? आनि सासरनी सुनले सनना दिन कोरडी भाकर धाडू मी? मूठभर गहूनं पीठ टाकं. वर तूप लावं. लाल दोरानीच परात व्हती."

धुरपदाबाईने मंजुळाबाईकडे पाहिले, वयाने जवळची आणि समजणारी बाई म्हणून. मंजुळाबाईला तिला उत्तर द्यायचे होते. पण तिच्याजवळ होती ती सगळी उत्तरे धुरपदाबाईच्याच बाजूची होती.

"पुन्हा होणार नाही," पंडित म्हणाला. "मी स्वतः उभा राहीन. पण लीलाधरभाऊ, खरं सांगू का, हॉटेल आहे. आज ही बाई आहे, उद्या दुसरी येईल. किती जणांना सांगत बसणार?"

"पारोळ्याला होत नाही असं."

"पारोळ्याला कमलबाई आहे हो. पाटीवर कुठं लिहिलंय कमलबाई?"

धुरपदाबाईला आता काहीतरी उमगले. तिने लताकडे पाहिले. "किती खादी?"

"दोन घास."

"दोन घासनं काय व्हस," ती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. जाताना तिने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

चार वाजता लताला पहिली उलटी झाली. दिवेलागणीपर्यंत ती मोरीतून अंथरुणावर आणि अंथरुणावरून मोरीत जात होती. हिरवे लुगडे तिने घडी करून बाजूला ठेवले होते. लीलाधर उशाशी बसला.

"सोनगीरला फोन करू? भाऊ सकाळी येईल."

"नको."

"तिथं निदान भाकरी तरी..."

"मला इथंच आजारी पडू द्या," लता म्हणाली. "पुढचं पुढं."

मंजुळाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने ते ऐकले. अंगणात जाऊन तिने उरलेले मांडे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकले, खापर धुतले आणि घरभर ओले फडके फिरवले, ओट्यावरून, पाटावरून, कोनाड्यांतून. पिठाचा डबा तिने माळ्यावर चढवला. त्या रात्री घरात भातच झाला.

दुसऱ्या दिवशी लीलाधरने कचेरीत रजा टाकली. लताची उलटी थांबली होती, पोट थांबले नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टर येऊन गेले. मुंबईच्या डॉक्टरांना विचारून सांगतो, म्हणाले. पुढे डबा सुरू ठेवायचा की नाही, यावर घरात कोणी शब्द काढला नव्हता. तो बंद करा असे हॉटेलात सांगायचेही कोणाला सुचले नव्हते. म्हणून वना नेहमीच्या वेळी सायकलवरून आला आणि डबा ओट्यावर ठेवून गेला.

मंजुळाबाई ओट्यावरच बसली होती. बराच वेळ तिने डब्याकडे पाहिले. मग तो ओढून मांडीवर घेतला, कडी काढली आणि वरचा कप्पा उचलला. भाकरी बाहेर काढून तिने ती उजेडाकडे धरली, हुंगली आणि दोन्ही हातांनी दुमडली. भाकरीचे दोन तुकडे झाले.

"तुटनी," ती म्हणाली.

लीलाधर आतून आला. आईच्या मांडीवरचा डबा पाहून तो दारातच थांबला. तिने त्याला एक तुकडा दिला. त्याने चावून पाहिला आणि मान हलवली.

"चांगली शे?" तिने विचारले.

"दादरच आहे."

"आज शे," मंजुळाबाई म्हणाली.

तिने दोन्ही तुकडे पुन्हा डब्यात ठेवले, कडी लावली आणि डबा आत नेऊन लताच्या उशाशी ठेवला. लता जागी होती. तिने डबा ठेवल्याचा आवाज ऐकला, पण वळून पाहिले नाही. सासू तिथेच खाली बसली.

दुपारचे तीन वाजले तेव्हा डबा उशाशी तसाच होता.